श्रीनृसिंहाची वाळू : नीरेच्या पात्रापासून समुद्रकाठापर्यंत

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरा आणि भीमा या दोन नद्यांचा संगम झालेला आहे. त्या संगमावर श्रीक्षेत्र नीरा नरसिंहपूर वसलेले असून महाराष्ट्रातील कितीतरी घराण्यांचे ते कुलदैवत होय. नीरेपलीकडे माळशिरस तालुका, भीमेपलीकडे माढा तालुका, आणि दोन्ही नद्यांच्या मध्ये जिभेसारखी निमुळती होत गेलेली ही भूमी. येथील श्रीलक्ष्मीनृसिंहाची मूर्ती वालुकामय, म्हणजे वाळूची आहे. भक्त प्रल्हादाने संगमावरील वाळू घेऊन ती स्वहस्ते घडविली व तिचे पूजन केले, असे क्षेत्रमाहात्म्य सांगते. आजचे भव्य मंदिर पेशवाईतील नामांकित सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांनी बांधविले. हे विंचूरकर पानिपतच्या रणात लढलेले. मंदिराला त्यांनी कातीव दगड वापरला, ओवऱ्या बांधल्या, परंतु गाभाऱ्यातला देव मात्र वाळूचाच राहिला. बाहेर फत्तर आणि आत वाळू, असा हा योग अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल.

वालचंदनगर, कळंब आणि त्याखालची गावे याच नीरेच्या काठी आहेत. येथील भाविक वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीला, नरसिंहपूरला जातात. देव वाळूचा आहे हे प्रत्येकास ठाऊक आहे. ज्या वाळूतून तो घडला, त्या नदीच्या वाळूची गेल्या पन्नास-साठ वर्षांत काय गत झाली, हा इतिहास मात्र सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या अंकात त्याची नोंद असणे अप्रस्तुत ठरू नये, कारण देवालयाच्या बांधकामालाही अखेर वाळूच लागते.

'वाळवंट' या शब्दाचा अर्थ शाळेतली मुले मरुभूमी असा सांगतील. वारकऱ्याला विचारले तर तो पंढरपूरकडे बोट दाखवील. नरसिंहपूरहून पुढे गेलेली भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते, आणि तिच्या वाळूच्या विस्तीर्ण पात्रालाच संतांच्या काळापासून वाळवंट म्हणत आले आहेत. नामदेवरायांच्या काळापासून कीर्तने तेथे रंगली. जातीपातीचे उंबरठे गावात होते, वाळवंटात नव्हते. श्रीतुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीला येते, आणि अकलूजकडे जाण्यापूर्वी तेथे महाराजांच्या पादुकांना नीरास्नान घातले जाते. हरतालिकेला बायका नदीची वाळू आणून तिची पिंडी करतात, रात्र जागवितात आणि दुसऱ्या दिवशी ती वाळू पुन्हा पाण्यात सोडतात. नदीकडून घेतलेले नदीला परत करण्याची ही रीत किती जुनी आहे हे सांगता येणे कठीण. ती मोडण्याची कल्पनाही पूर्वीच्या बायकांना सुचली नसती.

पात्रातल्या वाळूवर माणसे जगतही असत. उन्हाळ्यात पाणी आटले की पात्रात कलिंगडाच्या आणि खरबुजाच्या वाड्या लागत. गुरांना पाणी नसले की पात्रात हात-दीड हात उकरले तरी झिरा लागे, आणि त्याचे पाणी गाळून घेण्याची गरज नसे, कारण ते वाळूनेच गाळलेले असे. काठावरच्या विहिरींना चैत्र-वैशाखात जे पाणी टिकत असे, ते बव्हंशी पात्रातल्या वाळूने धरून ठेवलेले. वाळूच्या कणाकणांत पोकळी असते. पुराचे पाणी त्या पोकळीत मुरते, वरचा थर उन्हाने कोरडा पडला तरी खालचे पाणी वाफ होऊन उडत नाही, आणि दोन्ही काठांच्या जमिनीत ते हळूहळू पाझरत राहते. म्हणजे वाळूचे पात्र हा जमिनीखालचा तलावच. त्याला भिंत नाही, दरवाजे नाहीत, आणि त्याची नोंद पाटबंधारे खात्याच्या कोणत्याही वहीत नाही. कदाचित म्हणूनच तो रिकामा होत असता कोणाच्या लक्षात आला नाही.

ही वाळू लवकर भरून येणारी नाही. नीरा आणि भीमा सह्याद्रीतून काळ्या फत्तराच्या मुलखातून वाहत येतात. हा फत्तर झिजून त्याची काळी माती पुष्कळ होते, वाळू थोडी होते. पात्रातले वाळूचे थर पिढ्यान् पिढ्यांच्या पुरांनी एकेक पातळ पदर घालीत साचविलेले आहेत. त्यातही गेल्या दीडशे वर्षांत नद्यांना धरणे झाली. नीरेच्या खोऱ्यात वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण इंग्रजी अमदानीत झाले, १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी रानात ऊस उभा राहिला. पुढे वीर येथे धरण झाले. भीमेवर उजनीचे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. या धरणांनी या भागाचे सोने केले, यात शंका नाही. परंतु धरण पाण्याबरोबर वाळूही अडविते, हा त्याचा दुसरा गुण कोणी फारसा सांगितला नाही. धरणाखालच्या पात्रातली वाळू एकदा गेली की वरून पूर्वीसारखी येत नाही.

पूर्वीच्या बांधकामाला वाळू लागत नसे असे नाही. हेमाडपंती देवळे दगडावर दगड सांधून उभारलेली; त्यांत चुन्याचे काम नाही म्हटले तरी चालेल. उजनीच्या जलाशयात बुडालेले पळसदेव येथील पळसनाथाचे जुने मंदिर एखाद्या दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे पुन्हा दिसू लागते, आणि चाळीसहून अधिक वर्षे पाण्याखाली राहूनही त्याची दगडी बांधणी उभी असल्याचे पाहून लोक थक्क होतात. मराठेशाहीत चुन्याचे काम वाढले. चुनखडी भाजावयाची, ती विझवावयाची, मग बैलाच्या घाणीत वाळूबरोबर दिवसेंदिवस मळावयाची. कोठे गूळ, कोठे बेलफळाचा गर, कोठे तागाचे तुकडे. वाड्यांच्या भिंती तर निम्म्याहून अधिक पांढऱ्या मातीच्या. गावचा वाडा किंवा देऊळ बांधताना चार-दोन बैलगाड्यांनी वाळू आणली, तर पात्राला त्याचा पत्ताही लागत नसे. पुढचा पूर तेवढी भर घालीत असे.

वालचंदनगरचा जन्म या दोन काळांच्या सांध्यावर झाला. शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. त्यांचा मूळ धंदा बांधकाम ठेकेदारीचा. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कामे घेतली, पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी मोठी कामे केली, आणि नंतर जहाजे, विमाने, मोटारी अशा उद्योगांत नाव गाजविले. कळंबच्या माळावर १९३० नंतरच्या वर्षांत साखर कारखाना आणि त्याभोवती वसाहत उभी राहिली. त्या वेळी एवढी मोठी वसाहत उभारूनही नीरा आटली नाही. माणूस फावड्याने वाळू भरीत होता आणि बैल ती ओढीत होता, एवढे एकच कारण त्यास पुरेसे आहे.

हे माप कसे बदलले, ते पाहावयाचे तर पुण्याकडे वळावे लागते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठची पेठांतील शेकडो घरे वाहून गेली. मातीचे आणि चुन्याचे वाडे गेले, त्यांच्या जागी सिमेंट-काँक्रीटची घरे आली. पूर आला नसता तरी ती येणारच होती, कारण शहर चहूबाजूंनी वाढू लागले होते. पुरामुळे घाई झाली इतकेच. काँक्रीटचे गवंड्यास पाठ असलेले जुने प्रमाण एकास दोनास चार असे आहे : सिमेंट एक घमेले, वाळू दोन, खडी चार. वर गिलावा, त्याला पुन्हा वाळू. समुद्राची वाळू खारट असल्याने लोखंडाला गंज चढतो, राजस्थानची वाळू वाऱ्याने घासून गोल झालेली असल्याने सिमेंटला नीट धरीत नाही. म्हणून नदीचीच वाळू हवी. मुळा-मुठेची वाळू शहराला किती दिवस पुरणार? दौंड, शिरूर, इंदापूर, करमाळा असा शोध सरकत गेला आणि भीमा-नीरेची वाळू पुण्याच्या स्लॅबमध्ये जाऊन बसली.

वाळू ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. बैलगाडीच्या काळात ब्रास हा शब्द या गावांत फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. ट्रक आले, तसा तो लहान मुलांच्याही तोंडी बसला. पात्रात उतरायला रस्ते झाले. मग उपसणारी यंत्रे आली. उजनीच्या जलाशयात पाण्याखालची वाळू ओढून घेणाऱ्या यांत्रिक बोटी फिरू लागल्या, आणि महसूल खात्याची पथके त्या पकडून जिलेटिनने उडवून देऊ लागली, अशा बातम्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत राहिल्या. बोट उडविली की काही दिवसांनी दुसरी येते. कारण बोटीची किंमत काही खेपांत वसूल होत असेल, तर ती बुडण्याची भीती कोण बाळगील?

परिणाम काठावरच्या शेतकऱ्यास सांगणे नलगे. वाळू गेलेल्या जागी पात्र खोल झाले, काठ ढासळू लागले, पुलांचे आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे पाये उघडे पडू लागले. पाणी थांबत नाही, मुरत नाही. आले तसे वाहून जाते. जेथे वाळू होती तेथे चिखल आणि वेडी बाभूळ आली. पात्रातल्या खड्ड्यांत पाणी साचून वरून सपाट दिसते, आणि आंघोळीला उतरलेला माणूस गळ्याएवढ्या नव्हे तर पुरुषभर खोल पाण्यात जातो. ज्या नदीकाठी आजोबांनी नातवाला हात सोडून पोहायला शिकविले, तेथे आता पर्वणीला माणसे उभी करून लोकांना मागे हटवावे लागते.

येथवरची गोष्ट काठावरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेली आहे. परंतु नीरेच्या वाळूचा प्रवास नरसिंहपुरात संपत नाही, आणि पंढरपुरातही नाही. भीमा पुढे कर्नाटकात रायचूरच्या बाजूस कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवी येथे बंगालच्या उपसागराला. नद्या समुद्राला केवळ पाणी देत नाहीत. किनाऱ्यावरची वाळू बव्हंशी नद्यांनीच आणून टाकलेली असते. लाटा ती किनाऱ्यावर पसरतात, ओहोटीला ती वाळते, वारा ती उचलून आत नेतो, आणि एखाद्या झुडपाच्या आडोशाला ती थांबते. थांबलेल्या वाळूवर आणखी वाळू थांबते. अशा रीतीने किनाऱ्याला समांतर वाळूच्या टेकड्या तयार होतात. त्यांच्या अंगावर एक वेल पसरते, जांभळ्या फुलांची, बकरीच्या खुरासारख्या पानांची. कोकणात तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राने कोठे थांबावे त्याची मर्यादा दाखविणारी, असा त्या नावाचा अर्थ कोणी लावला तर तो चुकीचा म्हणवत नाही. तिची मुळे वाळूला बांधून ठेवतात. ती तुडविली, उपटली, की टेकडी पुन्हा वाऱ्याच्या स्वाधीन होते.

ही टेकडी समुद्रकाठच्या गावाचा बांध असते. वादळात लाट येते तेव्हा टेकडी थोडी झिजते, आपली वाळू लाटेला देते, आणि गाव वाचते. शांत दिवसांत वारा ती पुन्हा भरतो. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी कृष्णेच्या मुखाशी असलेल्या दिवीच्या मुलखात चक्रीवादळाची लाट घुसली आणि दहा हजारांवर माणसे मृत्यू पावली. कृष्णा-भीमेची वाळू जेथे जाऊन विसावते, तीच ही भूमी. त्यानंतर तेथे किनाऱ्यावर सुरूची झाडे लावण्यात आली. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पुन्हा तेच दिसले : जेथे वाळूचे उंचवटे शाबूत होते त्यामागची वस्ती पुष्कळ अंशी बचावली, आणि जेथे ते सपाट करून बांधकामे झाली होती तेथे पाणी सरळ आत गेले. इकडे कृष्णेवरच्या धरणांमुळे मुखाशी जाणारा गाळ कमी झाला असून तेथील किनारा काही ठिकाणी मागे हटत असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. वर नदीत वाळू उपसली जाते, मध्ये धरणात अडते, आणि खाली समुद्रकाठी ती पोहोचत नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही अशा टेकड्या आहेत. त्यांतली सर्वांत बोलकी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील केळशी गावी आहे. केळशीचे पेशवेकालीन महालक्ष्मीचे मंदिर प्रसिद्ध आहे, आणि याकूबबाबांचा दर्गाही. गावाच्या टोकाला, भारजा नदीच्या मुखाशी, वाळूची एक उंच टेकडी आहे. खाडीवरच्या पुलाच्या आणि रस्त्याच्या कामात ती कापली जाऊ लागली, आणि कापलेल्या अंगातून जुनी वस्ती बाहेर पडली : खापरे, कोळसा, हाडे, बहामनी काळातील नाणी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी समुद्राच्या प्रचंड लाटेने एकाएकी ही वाळू आणून टाकली असावी, असे मत त्यांनी मांडले. याला एक विलक्षण पुरावा इतिहासात आहे. १५२४ मध्ये वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला, तेव्हा त्याची जहाजे दाभोळच्या आसपासच्या समुद्रात असता वारा नसताना समुद्र खवळला आणि जहाजे हेलकावू लागली, अशी नोंद पोर्तुगीज बखरकारांनी करून ठेवली आहे. दाभोळ ते केळशी अंतर फार नाही. टेकडी एकाच लाटेची की वाऱ्यानेही तीत भर घातली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत व ते राहोत. पण ती टेकडी म्हणजे समुद्राने स्वतः लिहिलेला कागद आहे, एवढे खरे. किती ट्रकांत तो कागद फाडून नेला असता! टेकडी वाचवावी म्हणून संशोधकांनी आणि किनाऱ्यावर प्रेम करणाऱ्यांनी आवाज उठविला, म्हणून आजही तिच्याबद्दल बोलता येते.

सगळीकडे असे झाले नाही. गोव्यात कळंगुट, कांदोळीकडच्या टेकड्या हॉटेले आणि बंगल्यांसाठी सपाट झाल्या. मोरजी, मांद्र्याकडे उरल्या आहेत, त्यांवर डोळा आहेच. समुद्रकाठी खिडकी उघडली की समोर पाणी दिसावे, या हौसेपायी मधली टेकडी अडचणीची वाटते. गंमत अशी की तीच टेकडी नसल्यामुळे पुढे त्या घरासमोर लाखो रुपयांची दगडी भिंत घालावी लागते.

कायद्याचा आधार वाळूला प्रथम समुद्रकाठीच मिळाला. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र पाठवून भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास कळविले. त्याला दहा वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९९१ रोजी, किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली आणि तीत वाळूच्या टेकड्या सपाट करण्यास किंवा त्यांचे रूप बदलण्यास मनाई करण्यात आली. कागदावर मनाई होती. २००४ मध्ये अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर रात्री वाळू चोरणाऱ्यांना अडविण्यास गेलेल्या सुमैरा अब्दुलाली यांच्यावर हल्ला झाला. त्या मागे हटल्या नाहीत; मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि २०१० मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रातील वाळू उपशाला बंदी केली. त्यानंतरच्या सरकारी धोरणांत लिलावापूर्वी ग्रामसभेला विचारण्याची अट आली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात वाळूचे लहान लिलावही पर्यावरणाच्या परवानगीवाचून होऊ नयेत असे ठरविले. जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे चोरीच्या वाळूवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड बसू शकतो. गुंडांना स्थानबद्ध करण्याच्या कायद्यात वाळू तस्करांचीही भर पडली. म्हणजे किहीमच्या किनाऱ्यावर सुरू झालेले भांडण भीमेच्या पात्रापर्यंत पोहोचले. इंदापूरच्या ग्रामसभेला वाळूवर ठराव करण्याचा जो अधिकार आला, त्यात समुद्रकाठच्या एका बाईच्या धैर्याचा वाटा आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल.

परंतु वाळू कोणाची, हा प्रश्न कोर्टाच्याही आधी एका दुष्काळी गावाने विचारला होता. सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात, येरळा नदीकाठी बलवडी नावाचे गाव आहे. १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला आणि कामगार गावोगाव परतले. गावी येऊन पाहतात तो दुष्काळ. नदी कोरडी, विहिरी कोरड्या, आणि पात्रातून मात्र ठेकेदारांचे ट्रक वाळू भरून चाललेले. सरकार वाळूचा लिलाव करणार, ठेकेदार पैसा करणार, आणि पाणी जाणार गावाचे. डॉ. भारत पाटणकर यांच्या मुक्ती संघर्ष चळवळीने आणि बलवडीच्या संपतराव पवार यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब लोकांपुढे मांडला. वाळू उपशाला विरोध झाला. नुसता विरोध करून लोक थांबले नाहीत. येरळेवर आपणच बंधारा बांधू, त्यासाठी मोजकी वाळू गावच विकेल आणि त्या पैशातून भिंत उभी करील, अशी मागणी त्यांनी केली. अभियंते के. आर. दाते यांच्यासारख्या जाणकारांनी मदत केली, शहरातल्या हितचिंतकांनी पैसा दिला, विद्यार्थ्यांनी श्रमदान केले. सरकारदरबारी पुष्कळ खेटे घालावे लागले. अखेर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांचे बळीराजा स्मृती धरण त्या दशकाच्या शेवटाला उभे राहिले. त्याच्या पाण्यावर जमीनवाल्याइतकाच भूमिहीनाचाही हक्क मानला गेला, ही गोष्ट धरणाच्या भिंतीपेक्षाही मोठी म्हणावी लागेल. वाळू विकूच नये असे बलवडीने म्हटले नाही. किती विकावयाची ते गाव ठरवील आणि तिचे मोल गावच्या पाण्यात पडेल, एवढेच म्हटले.

आता देवालयांच्या बांधकामाविषयी. गेल्या काही वर्षांत गावोगाव जीर्णोद्धार होत आहेत, सभामंडप होत आहेत, शिखरे चढत आहेत. देणगीदार श्रद्धेने पैसे देतात, आणि त्या पैशातला बराच भाग सिमेंट, लोखंड आणि वाळूत जातो. जगात वर्षाला सुमारे पन्नास अब्ज टन वाळू-खडी वापरली जाते असे संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालात म्हटले आहे. त्या डोंगरात एका देवळाच्या चार-पाच ब्रासची गणना काय, असे कोणी म्हणेल. हे म्हणणे हिशेबाला बरोबर आणि व्यवहाराला अपुरे आहे. देवळाच्या कामावरची वाळू सगळा गाव पाहतो. ती रात्री आली की दिवसा, पावतीसह आली की पावतीविना, हेही गावाला दिसते.

पर्याय आता उपलब्ध आहेत. दगड फोडून केलेली वाळू, जिला बाजारात कृत्रिम वाळू किंवा क्रश सँड म्हणतात, ती चांगली चाळलेली व धुतलेली असेल तर काँक्रीटला चालते. पुण्याकडची मोठी कामे तिच्यावरच होऊ लागली आहेत. गिलाव्याला ती थोडी खरखरीत पडते अशी गवंड्यांची तक्रार असते, ती बारीक चाळणीने बरीच दूर होते. २०२३ मध्ये सरकारने डेपोतून सहाशे रुपये ब्रास दराने वाळू देण्याचे धोरण आणले, ते नीट चालले नाही. २०२५ मध्ये नवे धोरण येऊन लिलाव पुन्हा आले आणि कृत्रिम वाळूला उत्तेजन देण्यात आले. अर्थात कृत्रिम वाळूसाठी डोंगर फोडावा लागतो, हेही विसरून चालणार नाही. जेथे जुन्या देवळाचे दगड सुस्थितीत असतील तेथे ते उतरवून, क्रमांक घालून, पुन्हा चढविणे हा सर्वांत कमी वाळूचा जीर्णोद्धार होय. त्याला पाथरवट लागतो आणि वेळ लागतो. स्लॅब महिन्यात पडतो. समित्यांना घाई असते, कारण मुहूर्त ठरलेला असतो.

नदीची वाळू घ्यावयाचीच झाली तर वाहतुकीचा परवाना, स्वामित्वधनाची पावती आणि लिलावातील गटाचे नाव हे तीन कागद ठेकेदाराकडून मागून घेता येतात, आणि ते मंदिराच्या जमाखर्चाच्या फायलीत लावता येतात. देणगीच्या पावत्या जशा पुस्तकात नीट ठेवल्या जातात, त्याच पुस्तकाच्या शेवटी त्यांना जागा असते. वाळूगटाचा विषय ग्रामसभेपुढे येतो तेव्हा सभेला बहुधा गणपूर्तीपुरतीच माणसे असतात, आणि ठराव वाचून होण्यापूर्वी निम्मी उठून गेलेली असतात. पात्रातून किती खोलपर्यंत वाळू काढावयाची, बंधाऱ्यापासून आणि पुलापासून किती अंतर सोडावयाचे, यंत्र लावावयाचे की नाही, हे प्रश्न त्याच सभेत विचारावयाचे असतात.